एचडी ६०० की डीटी ९९०? हळू ऐकताना एक आवडतो, मोठ्याने ऐकताना दुसरा

मध्यलय

मंडळी,

सध्या माझ्याकडे दोन हेडफोन आहेत. सेनहायझरचा एचडी ६०० मी स्वतः घेतलेला. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो (२५० ओमवाला) मामेभावाचा. तो शिकायला बाहेर गेला आणि जाताना "पडून राहण्यापेक्षा तू वापर, ताई" म्हणून ठेवून गेला. दोन्ही ओपन-बॅक (म्हणजे पाठ जाळीची, उघडी), दोन्ही कानाभोवती बसणारे, दोन्हींच्या गाद्या मखमली. कागदावर पाहिलं तर फार फरक नाही. ऐकायला मात्र एक पूर्व तर एक पश्चिम.

मी मुद्रितशोधन करते. रात्री सगळे झोपले की लॅपटॉपला छोटा डॅक-ॲम्प (डिजिटल आवाजाचं रूपांतर करून हेडफोनला जोर देणारी डबी) जोडते आणि काम करता करता ऐकते. आवाज अगदी हळू, मागे पंखा फिरतोय हे कळत राहील इतका. अशा वेळी मला ९९० फार आवडतो. डग्ग्याची घूम पार खालपर्यंत जाते, घुंगरांचा बारीक चुरा कळतो, सतारीवर मिजराब लागतानाचा 'टक्' वेगळा ऐकू येतो. तेवढ्याच आवाजात एचडी ६०० लावला तर गाणं दोन पावलं मागे सरकल्यासारखं वाटतं. सगळं असतं, पण जोर नसतो.

सुट्टीच्या दुपारी हातात काम नसताना जरा मोठ्याने, मन लावून ऐकायला बसलं की नेमकं उलटं होतं. ९९०वर गायिकेचा प्रत्येक 'स' आणि 'श' टोचायला लागतो. विलंबित संपून द्रुत सुरू व्हायच्या आत मी तो डोक्यावरून उतरवते. एचडी ६००वर तोच ख्याल शेवटपर्यंत ऐकते आणि वर आणखी एक लावते. गळा असा समोर येतो की श्वास कुठे चोरला, षड्जावर येण्याआधी आवाज किती खालून उचलला, सगळं उमगतं.

परीक्षणं वाचली. एकाला 'न्यूट्रल' (सगळ्या पट्ट्या समतोल) आणि दुसऱ्याला 'व्ही-शेप' (खालची-वरची पट्टी उचललेली, मध्य दबलेला) म्हणून सगळे मोकळे होतात. माझं कोडं त्याने सुटत नाही. कान तेच, गाणीही तीच, मग आवड अशी का फिरते? या दोघांतला 'बरोबर' आवाज कोणता म्हणायचा? आणि भावाने ९९० परत मागितला, तर एचडी ६००मधूनच रात्रीची ती मजा काढता येईल का?

तांत्रिक सांगितलंत तरी चालेल, मी समजून घेईन. पण तुमच्या कानांना काय आवडतं आणि का, हे जरूर लिहा.

---

तिहाई

बाकी जाणकार लिहितीलच, मी एक साधी गोष्ट सांगतो. भावाचा ९९० किती जुना आहे? त्याच्या गाद्या बोटाने दाबून बघा. चेपून पातळ झाल्या असतील तर कान ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागाच्या) जास्त जवळ जातो आणि आवाजाचा सगळा तोल बदलतो. मग तुम्ही तुलना ९९०ची करत नाही आहात, झिजलेल्या गाद्यांची करताय. माझ्याकडे डीटी ७७० आहे, त्याच्या गाद्या बदलल्यावर खर्ज इतका वेगळा झाला की ओळखीची गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

चष्मा लावत असाल तर काडीमुळे गादी आणि कानशिलात फट राहते आणि तिथून खर्ज गळतो. बंद पाठीच्या हेडफोनात हे जास्त जाणवतं, पण ओपन-बॅकमध्येही थोडा फरक पडतोच. आणि हेडफोन डोक्यावर असतानाच बोटभर पुढे-मागे सरकवून बघा. वरच्या पट्टीतला आवाज किती हलतो ते कळेल. मोजमाप करणारेसुद्धा हेडफोन यंत्रावर पुन्हा पुन्हा बसवून सरासरी काढतात, ते याचसाठी.

---

जवारी

मध्यलय, धागा वाचून खूप बरं वाटलं. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तुम्ही 'हळू' आणि 'मोठ्याने' हे दोन शब्द लिहिलेत. हेडफोनच्या चर्चेत बहुतेक जण तेच लिहायचं विसरतात आणि मग पानंच्या पानं वाद घालत बसतात.

आपला कान सगळ्या पट्ट्यांना सारखा प्रतिसाद देत नाही, आणि हा असमतोल आवाजाच्या पातळीबरोबर बदलतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून आलेखांत मांडलं. आज आयएसओ २२६ हे मानक त्याच कामाची सुधारलेली आवृत्ती आहे. त्यातले आकडे बघा. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर वाजतोय. तेवढाच मोठा वाटायला १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ६४ डेसिबल लागतात, म्हणजे चोवीस डेसिबल जास्त. तोच १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलवर नेलात तर खालच्या स्वराला सुमारे ९२ पुरतात. फरक चोवीसवरून बारावर आला. म्हणजे तुम्ही रात्री हळू ऐकता तेव्हा खर्ज तुमच्या कानातच हरवतो, हेडफोन कोणताही असो. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते यासाठीच. आवाज कमी केला की ते दाबायचं, मग खर्ज (आणि बऱ्याच यंत्रांत वरची पट्टीसुद्धा) उचलली जायची.

९९० म्हणजे ते बटण कायमचं दाबून ठेवलेला हेडफोन. खर्ज भरलेला, मध्य थोडा मागे, आणि ८००० हर्ट्झच्या आसपास ठळक उंचवटा. हळू ऐकताना हा आकार कानाची उणीव भरून काढतो म्हणून गाणं पूर्ण वाटतं. दुपारी तुम्ही आवाज वाढवता, कानाची उणीव आपोआप भरते आणि हेडफोनने दिलेली भर वरती शिल्लक राहते. गायिकेच्या स-शमधली ऊर्जा मुख्यतः ५००० ते ९००० हर्ट्झमध्ये असते, म्हणजे बरोबर त्या उंचवट्यावर. टोचणारच.

एचडी ६००चं नेमकं उलट. हा हेडफोन १९९७चा, आणि इतक्या वर्षांनीही लोक तुलना करताना मापाला तोच धरतात, ते त्याच्या मध्यामुळे. गळ्याची सगळी ओळख, स्वर 'आ' आहे की 'ओ', आवाज घशातून येतोय की छातीतून, ही शे-दोनशे हर्ट्झपासून तीन-चार हजारांपर्यंतच्या टापूत असते. तिथे हा जवळजवळ काही मिसळत नाही. खाली मात्र ५०-६० हर्ट्झनंतर तो उतरत जातो. हळू आवाजात दोन उणिवा एकत्र येतात, एक कानाची आणि एक हेडफोनची. तुम्हाला 'जोर नसतो' वाटलं ते तिथे.

आता 'बरोबर' कोणता. आपण ऐकतो ती बहुतेक ध्वनिमुद्रणं स्पीकरवर ऐकून घडवलेली असतात. शिवाय कानाची पाळी आणि कानाची नळी मिळून ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दहा-पंधरा डेसिबलने वाढवतात आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय आहे. त्यामुळे कानाच्या पडद्यापाशी मोजून 'सपाट' येणारा हेडफोन ऐकायला विचित्र लागतो. शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ पासून यावर शोधनिबंध लिहिले. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात तसा तोल हेडफोनमध्ये आणला तर लोकांना आवडतो, हा त्यांचा पाया. 'हार्मन कर्व्ह' म्हणतात तो यातूनच आला. पण त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. २०१९च्या त्यांच्या निबंधात ऐकणाऱ्यांचे गट पाडलेत. ६४ टक्क्यांना तो तोल किंवा त्याच्या जवळचा आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त खर्ज हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे प्रयोगशाळेत, हेडफोन कोणता ते न सांगता घेतलेल्या आंधळ्या चाचणीतसुद्धा, तीनातल्या एकाची आवड वेगळी निघते. त्या एकाचा कान बिघडलेला नसतो.

किमतीचंही इथेच सांगतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोन मोजले होते. स्वरांचा तोल आणि किंमत यांचा काही संबंध सापडला नाही. महाग घेतल्यावर बांधणी, आराम, बारकावे मिळू शकतात, पण तुमच्या आवडीचा तोल मिळेलच असं नाही.

करून बघण्यासारखं आता. दोन्ही हेडफोनवर आधी 'पिंक नॉइज' (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेला सळसळता आवाज) लावा आणि दोघांचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत नॉब फिरवून खुणा करून ठेवा. हे टाळू नका. एखादा डेसिबल जास्त असलेला आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो, 'स्पष्ट' वाटतो, आणि तिथेच तुलना फसते.

मग इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करायचं साधन. विंडोज असेल तर 'इक्वलायझर एपीओ' मोफत मिळतो. एचडी ६००साठी १०५ हर्ट्झवर लो-शेल्फ (त्याखालचं सगळं एकदम उचलणारा फिल्टर), चार-पाच डेसिबल वर. तेवढेच डेसिबल त्यातल्याच प्रीॲम्पमध्ये (एकूण पातळीत) खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल. मोठ्या आवाजात हा हेडफोन खर्जाची एवढी भर आनंदाने पेलत नाही, पण रात्रीच्या तुमच्या पातळीला काही अडचण नाही. ९९०साठी ८००० हर्ट्झवर एक पीक-फिल्टर (फक्त त्याच्या आसपासचं हलवणारा), चार-पाच डेसिबल खाली. आकडे दगडावरची रेघ समजू नका, एकेक डेसिबलने हलवत कानाने ठरवा.

आणि दुपारच्या मोठ्या आवाजाबद्दल, आपुलकीने: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी, म्हणजे ८३ला २० तास. ओपन-बॅकमध्ये आवाज मोकळा वाटतो म्हणून हात नॉबकडे जास्त जातो, तेवढं लक्ष ठेवा.

माझी आवड विचारलीत. मी जुन्या टेपा डिजिटल करतो. कामाला एचडी ६००च, कारण टेपची सळसळ किती काढली की गळ्याला इजा होते ते त्यावर लगेच समजतं. निवांत ऐकायला मात्र हायफायमनचा सुंदारा, प्लॅनर मॅग्नेटिक (चुंबकांच्या रांगेपाशी पातळ सपाट पडदा हलवणारा हेडफोन). कारण एकच, तानपुरा. जोडाच्या तारा छेडल्या की स्वर आधी गोल उमटतो, मग त्याच्या आतून वरचे अंश एकामागून एक उलगडत खाली येतात आणि पुढची तार वाजायच्या आत पुन्हा विरतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या जवारीच्या दोऱ्याची सगळी करामत. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहिला तो याच गुणासाठी. सुंदारावर ते उलगडणं मला शेवटपर्यंत मोजता येतं. एचडी ६००वर ते सुरेल असतं पण एकात एक मिसळलेलं. कुणाला तसंच आवडेल, गाणाऱ्याच्या मागे तानपुरा एकजीवच हवा असं म्हणणारे माझे मित्र आहेत.

---

कानसेन

जवारींचा प्रतिसाद जपून ठेवला. एका मुद्द्यावर मात्र मी वेगळा आहे, तो मांडतो.

मी सत्तरीत आहे. श्रवणचाचणी केली तेव्हा ४००० हर्ट्झच्या पुढची रेघ उतरणीला लागलेली दिसली, या वयात बहुतेकांची लागते. मला डीटी ९९० टोचत नाही. उलट त्यावर मला शब्द कळतात. 'त' की 'थ', 'स' की 'श', हे मला साध्या हेडफोनवर अंदाजाने घ्यावं लागतं, ९९०वर सरळ ऐकू येतं. एचडी ६०० नातीने ऐकवला. सुंदर आहे, पण माझ्यासाठी तो दाराआडून येणारा आवाज. आमच्या दोघांपैकी कुणाचा कान खरा, हा प्रश्नच मला मान्य नाही. हेडफोनचा आलेख अर्धा असतो, उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या कानात.

म्हणून दोन्ही हेडफोन इक्वलायझरने एकमेकांच्या जवळ आणायचे हे मला पटत नाही. ९९०ची वरची धार काढून टाकली तर त्यात ९९० राहिला कुठे? मला वाटतं प्रत्येक जातीचा हेडफोन आहे तसा ऐकावा आणि गाण्याप्रमाणे निवडावा. सेनहायझरचा एचडी ४१४ मी तरुणपणी एका स्नेह्यांकडे ऐकला होता. १९६८चा, पहिला ओपन-बॅक. पिवळ्या स्पंजच्या गाद्या, वजन जवळजवळ नाही, आणि त्यात खर्जाचं नाव नको. तरीही कान बंद न करता संगीत ऐकता येतं हा आनंद त्याने पहिल्यांदा दिला. त्याला आजच्या कर्व्हवर बसवलं तर त्याचं सगळं वेगळेपण निघून जाईल.

एक विनंती. ऐकणाऱ्याचं वय विचारल्याशिवाय 'कर्कश' किंवा 'दबका' असा शिक्का कुणी मारू नये. तिशीतल्या परीक्षकाचं मत साठीच्या माणसाला लागू पडत नाही, आणि माझं मत तुम्हाला लागू नाही.

---

मध्यलय

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेलं सगळं करून बघितलं, म्हणून उशिरा लिहितेय.

तिहाई, गाद्या चेपलेल्याच होत्या. बोट लावलं तर जाळीपर्यंत पोचत होतं. नव्या घातल्या. ९९०चा डग्गा थोडा मोकळा झाला आणि कडेला जी घाई वाटायची ती कमी झाली. स-श जरा नरमले, पण गेले नाहीत.

मग पिंक नॉइज. दोघांसाठी नॉबच्या खुणा वेगळ्या आल्या, त्यावर पेन्सिलने 'से' आणि 'बा' लिहून ठेवलंय. आवाज जुळवल्यावर दोघांतलं अंतर मला वाटत होतं त्याहून कमी निघालं. 'गाणं मागे सरकतं' यातला काही भाग निव्वळ पातळीचा होता.

पुढचं मला फार आवडलं. रात्री एचडी ६००वर लो-शेल्फ चार डेसिबल केला. डग्गा आला! ९९०इतका खोल नाही, पण हाताच्या टाचेने मींड घेतल्यावर स्वर घसरत वर जातो ती वाट पूर्ण ऐकू आली. आणि घुंगरांचा चुरा मात्र नव्हता, तरी मला त्याची आठवण आली नाही. म्हणजे मला इतके दिवस ९९०ची 'चमक' आवडते असं वाटत होतं, ती मुळात खर्जाची भूक होती. वरची पट्टी बरोबर आलेली, म्हणून श्रेय तिलाही मिळत होतं. हे वेगळं करून ऐकल्याशिवाय कधीच कळलं नसतं.

दुपारी ९९०वर ८००० हर्ट्झ चार डेसिबल खाली. टोचणं थांबलं. द्रुत संपेपर्यंत बसले. पण गळा तरी थोडा मागेच राहतो, साथ पुढे आणि गाणारी मागे. ते मध्य उचलून बघितलं तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. इथे मला कानसेनकाकांचं पटतं, त्याचा स्वभाव आहे तो. म्हणून आता सतार, संतूर, तबल्याचा एकल, असं काही असेल तर ९९० आहे तसा, इक्वलायझर न लावता. गायकी असेल तर एचडी ६००, रात्री शेल्फसकट आणि दुपारी शेल्फ काढून. काका, तुमच्या चाचणीबद्दल वाचून मीही श्रवणचाचणीची वेळ घेतली आहे. आत्ताच्या कानांची नोंद असलेली बरी.

जवारी, तानपुऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचल्यापासून प्लॅनर डोक्यात बसलाय. विचारायचं एकच, मी तासन्‌तास मान खाली घालून काम करते. सुंदारा त्याला चालेल का?

---

जवारी

पिंक नॉइजनंतर अंतर कमी झालं, हे वाचून समाधान वाटलं. आणि खर्जाची भूक तुम्ही वेगळी काढलीत ती कमालच. हे असं उलगडून ऐकणारं माणूस भेटणं अवघड.

सुंदाराचं स्पष्ट सांगतो. चुंबक जास्त म्हणून वजन जास्त, सुमारे ३७२ ग्रॅम. एचडी ६०० सुमारे २६० आणि ९९० प्रो २५०. सरळ बसून ऐकायला हा फरक जाणवत नाही. मान खाली घातली की जाणवतो, आणि तो कपाळाकडे घसरतोही, कारण त्याची पकड एचडी ६००पेक्षा सैल आहे. मी टेपांवर वाकून काम करताना तो वापरत नाही. शिवाय त्याला छोटा ॲम्प पुरतो असं कुणी म्हणालं तरी तुमच्या डॅक-ॲम्पवर आधी लावून बघा. ओम कमी, ३७च, पण संवेदनशीलताही कमी आहे (तेवढ्याच विजेवर आवाज कमी निघतो), करंट मागतो.

घ्यायच्या आधी कुणाकडून तरी आठवडाभर मागून आणा. रात्रीच्या कामाला एचडी ६००च ठेवा आणि सुंदारा फक्त दुपारी, आरामखुर्चीत, डोकं मागे टेकून ऐका. तानपुऱ्यासाठी आलाप सुरू व्हायच्या आधीचं एखादं मिनिट निवडा, नुसता तानपुरा असतो ते. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत ते कापलेलं असतं, मैफलींच्या मुद्रणांत सापडतं. आवाज रात्रीच्याच पातळीला ठेवा, वाढवू नका. वरचे अंश वेगळे होऊन ऐकू आले आणि तुम्हाला ते हवेसे वाटले तर पुढे जा. एचडी ६००वरचा एकजीव तानपुराच बरा वाटला, तर त्यातही काही कमी नाही.